इकॅरसच्या खालची कोरी भिंत

दादा,

कावळा लगेच शिवला. पान मांडून भटजी मागे सरले न सरले तोच सुरूच्या झाडावरून एक खाली उतरला आणि भाताला चोच लावून गेला. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. तू अडून बसणार अशी प्रत्येकाची खात्री होती. घरून निघतानाच वहिनीने मला बजावलं होतं, "सुमे, ते तुझ्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हते. काहीतरी कबूल करायची तयारी ठेवून ये." तयारी ठेवली होती रे. फक्त कबूल काय करायचं ते मला माहीत नव्हतं. भिंतीवर तुझ्या मनासारखं करीन, असं म्हणायला मी हात जोडले असते, आणि तुझ्या मनात नेमकं काय होतं तेच ठाऊक नाही, तर शब्द कशाचा देणार होते?

तर तू बिनशर्त गेलास. आयुष्यात पहिल्यांदाच.

आता तुला माहीत असलेलंच सगळं सांगणार आहे. कारण आपण दोघांनी समोरासमोर बसून ते एकदाही धडपणे बोललेलं नाही. नुसतं भांडलो.

सुरुवात त्या मुलापासून झाली. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरून, भाड्याच्या दुचाक्या घेऊन कॉलेजची मुलं आपल्या गावात आली होती. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी पाण्यात शिरली. एक परत आला नाही. मी सरपंच, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले तेव्हा मला तिथे थांबणं भाग होतं. तू का आलास ते मला कळलं नाही. त्या माणसाच्या हातात मुलाच्या चपला होत्या. कुणीतरी वाळूतून उचलून दिल्या होत्या आणि त्या कुठे ठेवाव्यात ते त्याला सुचत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मी फोन केला होता. पाण्यात जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. हो म्हणाला होता." आपला काकाचा नितीन बोट घेऊन शोधायला गेला होता, तो परत आला आणि त्याने लांबूनच मला मान हलवून दाखवलं. त्या माणसाला ते दिसू नये म्हणून तू मधे जाऊन उभा राहिलास. तेवढंच आठवतं मला. तुझी पाठ.

त्यानंतर ग्रामपंचायतीने समुद्रावर जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी जीवरक्षकांसाठी दुमजली चौकी बांधली. रस्त्याकडची भिंत अख्खी मोकळी होती. तिच्यावर डॉल्फिन काढायचा आणि खाली लोकांनी फोटो काढावेत म्हणून गावाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. तू जन्मभर मुंबईत मुलांना शिल्पकला शिकवून वाडीत परत आलेला. पंचायतीत येऊन उभ्या उभ्या म्हणालास, "भिंत मला द्या. डॉल्फिन नाही करणार."

त्याच दिवशी जेवताना, वालाचं बिरडं पानात वाढलेलं असताना, तू ती ग्रीकांची गोष्ट सांगितलीस. डेडॅलस नावाचा कारागीर, त्याचा मुलगा इकॅरस. दोघं एका बेटावर कैदेत. बापाने पिसं गोळा केली, ती मेणाने जोडून पंख केले, मुलाच्या खांद्यांना बांधले आणि सांगितलं, फार खाली उडू नकोस, लाटांनी पंख भिजतील. फार वर जाऊ नकोस, उन्हाने मेण वितळेल. मुलगा हो म्हणाला. उडायला लागल्यावर त्याला इतकी मजा वाटली की तो वर वर गेला. मेण वितळलं. बापाने मागे वळून पाहिलं तेव्हा पाण्यावर नुसती पिसं होती.

"हो म्हणाला होता," तू पुन्हा म्हणालास आणि जेवायचा थांबलास.

तेव्हा मी तुझ्याशी भांडायला नको होतं असं आता कुणी म्हणेल. मी तसं मानत नाही. मी म्हटलं, "अरे, आपल्याकडे संपाती आहे की! तोही सूर्याकडे उडाला, त्याचेही पंख जळले, तोही पडला आणि शेवटी समुद्रकाठीच वानरांना भेटला. रामायण घराघरांत माहीत आहे. मग तो परका पोरगा कशाला हवा?"

"संपाती जगला," तू म्हणालास. "धाकट्या भावावर पंख धरून त्याने जटायूला वाचवलं. आणि शेवटी त्याला पंख पुन्हा फुटले. सुमे, या पाण्यात गेलेल्या कुणाला पुन्हा पंख फुटलेले पाहिलेस तू?"

मी पुन्हा भात कालवायला लागले. पटलं म्हणून नव्हे. वहिनी डोळ्यांनी मला थांबवत होती.

ग्रामसभेत तर तू एकटा एकीकडे आणि निम्मं गाव दुसरीकडे. नितीन सगळ्यात पुढे. त्याचं घर पर्यटकांवर चालतं; चार खोल्यांचा होमस्टे, पाण्यावर त्या पिवळ्या बोटी. तो म्हणाला, "ताई, सरळ बोलतो. गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की समोर काय, तर बुडणारा पोरगा? पोरंबाळं घेऊन कोण थांबेल? दुसऱ्या गावात जातील ना सगळे."

मागून कुणीतरी ओरडलं, "आणि परक्यांचे देव आपल्या भिंतीवर कशाला?"

तू उठलास. मला धास्ती वाटली, कारण तू उठलास की लोकांना शिकवायला लागतोस. पण तू इतकंच विचारलंस, "गावात रुग्णवाहिका येते, तिच्यावर काठीला गुंडाळलेला साप काढलेला असतो. तो कुणाचा? ग्रीकांच्या वैद्यदेवाचा. कोर्टात डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई तराजू घेऊन उभी असते, ती तरी कुठली? शाळेच्या क्रीडामहोत्सवात पोरं मशाल घेऊन पळतात, ती कुणी आणली? तेव्हा कुणी विचारलं नाही. माझा पोरगा पडतोय म्हणून विचारताय."

लोक हसले. हसल्यावर विरोध जरा सैल झाला. शेवटी पाटलांच्या सुनेने हळूच विचारलं, "पण सर, तो उघडा असणार का?" तू चित्र काढून आणलं होतंस, त्यात तो होताच उघडा. तू म्हणालास, "बरं. बर्म्युडा घालतो." त्यावर भिंत मंजूर झाली. त्या बर्म्युड्याने काय केलं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. पंख लावलेला ग्रीक पोरगा आपल्या किनाऱ्यावर शनिवारी येणाऱ्या कुठल्याही पोरासारखा दिसायला लागला. नितीनच्या ते लक्षात आलं, पण तोवर तू बांबूच्या परांचीवर चढला होतास.

हिवाळाभर तू सिमेंटमध्ये काम करत होतास. वरच्या कोपऱ्यात बाप, पुढे बघून उडणारा. मधे तो मुलगा, डोकं खाली, हात पसरलेले, पंखांतली पिसं सुटत चाललेली. येणारे-जाणारे थांबायचे. काही जण फोटो काढायचे, काही गाडी पुढे घ्यायचे. एका बाईने लेकराचे डोळे झाकले, ते नितीनने पाहिलं.

आणि मग तो शनिवार.

मी पंचायतीत होते. शिपाई धावत आला, म्हणाला, चौकीपाशी लोक जमलेत, हातात चुन्याच्या बालद्या आहेत. मी पोचले तेव्हा तू वर होतास, मुलाचा उजवा हात घडवत. खाली नितीन आणि त्याच्याबरोबरचे सात-आठ जण. पर्यटक लांबून बघत होते.

"दादा, खाली उतर," नितीन म्हणाला.

"काम चालू आहे माझं."

"मग अंगावर उडेल."

"उडू दे."

तू वळूनही पाहिलं नाहीस, थापी चालवत राहिलास. सत्तरीला टेकलेला माणूस, छातीचं दुखणं, आणि पायाखाली दोन बांबू. नितीनने एका बांबूवर हात ठेवला. हलवला नाही, नुसता ठेवला. पण सुंभाने बांधलेली परांची तेवढ्यानेही करकरली. मी म्हटलं, "नितीन, बांबू सोड." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्याने हात काढला नाही. मला वाटलं, आता जे काही होईल ते आपल्या घराला आयुष्यभर पुरेल.

तेवढ्यात शिट्टी झाली. एक नाही, लागोपाठ, थांबेनाच.

वरून तुला सगळ्यांत आधी दिसलं. "खाडीच्या तोंडाशी! दोघं आहेत!" तू ओरडलास. नितीनच्या हातून बालदी पडली, चुना सगळा रस्त्यावर सांडला, आणि तो पळत सुटला. जीवरक्षक आधीच पाण्यात शिरले होते. नितीनने पाण्यावरची स्कूटर ढकलली आणि सुरू केली. पण ओहोटीची ओढ होती, लाटा उंच होत्या. खालून त्याला डोकी दिसत नव्हती. तो भलतीकडे चालला होता.

तू परांचीच्या अगदी टोकाला आलास, एका हाताने बांबू धरलास आणि सिमेंटने भरलेला दुसरा हात उंच केलास. "डावीकडे! अजून! अजून डावीकडे!" आवाज काय त्याच्यापर्यंत पोचणार होता? पण त्याने मागे वळून पाहिलं आणि त्याला तुझा हात दिसला. तू हात हलवशील तशी त्याने स्कूटर वळवली. मी खाली उभी राहून एकदा तुझ्याकडे बघत होते, एकदा पाण्याकडे. तू पडशील अशी भीती वाटत होती आणि तू हात खाली घेशील अशीही.

एकाला जीवरक्षकांनी आणलं, एकाला नितीनने. नितीनने आणलेला श्वास घेत नव्हता. त्याला वाळूवर पालथा केला, उताणा केला, छाती दाबली. तो खोकला तेव्हा त्याचा मित्र मोठ्याने रडायला लागला. रुग्णवाहिका दोघांना घेऊन गेली. संध्याकाळी अलिबागहून फोन आला, दोघेही ठीक आहेत.

पण त्याआधी, गर्दी पांगल्यावर, नितीन ओल्या कपड्यांनी भिंतीखाली आला. मला वाटलं पाया पडेल नाहीतर शिव्या देईल. त्याने वर बघून विचारलं, "दादा, तुझा हात दिसला म्हणून तो सापडला मला. मग तुझ्या भिंतीवर हात का नाय? एकटाच का पडतोय तो? खाली कुणीतरी दाखव ना. एक हात तरी."

"गोष्ट तशी नाही," तू म्हणालास.

"मग बदल गोष्ट."

"आज दोन वाचले म्हणून तो गेलेला पोरगा परत आला का? त्याचा बाप उद्या इथे आला तर काय सांगू त्याला? तुझा खरा बुडाला, पण भिंतीवरचा आम्ही वाचवलाय?"

आणि मी तोंड उघडलं. "दादा, जिवंत परत गेले त्यांनाही काही सांगायचं असेल की नाही आपल्याला? नितीनचं बरोबर आहे."

तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. खाली उतरलास, थापी धुतलीस, पंच्याने हात पुसलेस आणि घरी निघून गेलास. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलला नाहीस.

दादा, तुझा अबोला मला नवा नव्हता. पण हा वेगळा होता. मी वाडीत आले की तू रहाटाच्या बाजूला निघून जायचास. वहिनी मधे सापडायची. तुझा निरोप मला, माझा तुला. भिंतीचं काम मात्र तू सोडलं नाहीस. बाप पुरा केलास, मुलगा पुरा केलास. शेवटचं पीसही लावलंस. खाली, जिथे तो पडणार होता तिथे, काहीच केलं नाहीस. गिलावा तसाच कोरा. पावसाळा तोंडावर आला म्हणून परांची उतरवली. मी म्हणायची, पाणी करायला असा किती वेळ लागणार होता त्याला? तुझ्या चित्रात तर समुद्र काढलेलाच होता. मग का थांबलास? वहिनीला विचारलं तर म्हणाली, "मला काय सांगतात ते!"

त्या महिन्यांत मला राहून राहून आपली विहीर आठवायची. कमरेला असोल्या, न सोललेल्या नारळांची जोडी बांधून तू मला पाण्यात ढकललं होतंस. मी किंचाळले, नाकातोंडात पाणी गेलं, तुला वाटेल ते बोलले. तू पायरीवर बसून म्हणत होतास, "बुडत नाहीयेस. ओरडता येतंय म्हणजे बुडत नाहीयेस." आई तुझ्यावर किती चिडली होती! पण आपल्या आळीत पोहायला येणारी मुलगी मी एकटी होते, ती तुझ्यामुळे. पुढे बाबांचा पाठवायला जीव होईना तेव्हा मला अलिबागला कॉलेजात घालायला तूच निघालास, तेही त्यांना न विचारता. लोकांसमोर उभं राहून बोलायची हिंमत मला आली, ती तुझ्याशी भांडून भांडून आली. आणि ती हिंमत मी तुझ्याच विरुद्ध वापरली. याचं वाईट वाटतं का? नाही वाटत. वाईट याचं वाटतं की तू त्यावर उलटून भांडला नाहीस.

शेवटचं बोललो ते नवरात्रात. मी पेजेचं भांडं घेऊन आले होते. तू विहिरीच्या काठावर बसला होतास, आणि उठून गेला नाहीस. मी भांडं ठेवलं, शेजारी बसले. तू माडांकडे बघत होतास. मग म्हणालास,

"दिवाळीनंतर खालचं करायला घेतो."

"काय करणार?"

"बघशील."

"पाणी की हात?"

तू हसलास. कितीतरी दिवसांनी. "बघशील म्हटलं ना, सुमे."

मी पुढे विचारलं नाही. वाटलं, दिवाळी काय लांब आहे? त्याच आठवड्यात एका दुपारी तू वहिनीला चहा ठेवायला सांगितलास आणि चहा उकळेपर्यंत तू नव्हतास.

आता दहाव्याची गोष्ट ऐक. विधी झाल्यावर नितीन माझ्याजवळ आला. मुंडण केल्यामुळे त्याचं तोंड लहान मुलासारखं दिसत होतं. म्हणाला, "ताई, एक सांगायचं होतं. दादा आला होता माझ्याकडे, पाऊस संपता संपता. मला विचारत होता, त्या पोराला धरलास तो कसा? कॉलर धरलीस का काखेत हात घातलास? मला हात पुढे करायला लावला. बघत बसला हाताकडे. मग निघून गेला."

मी त्याच्या हाताकडे बघत राहिले.

नितीनच्या मते याचा अर्थ उघड आहे. तू हात करणार होतास. त्याने माणूसही शोधून ठेवलाय, मूर्ती करणारा, पेणचा. म्हणतो, "दादाची इच्छा आपण पुरी करू." इकडे तुझे मुंबईचे विद्यार्थी फोन करतात. त्यांच्याजवळ तुझ्या चित्राची प्रत आहे, त्यात समुद्र आहे, नुसता समुद्र आणि पिसं. ते म्हणतात, "मॅडम, सरांनी जे काढलंय तेच व्हायला हवं. सर तडजोड करणाऱ्यातले नव्हते." दोघांनाही तू माहीत होतास. दोघांचंही मला खरं वाटतं. तू हातासाठी विचारलंस की नुसतं कुतूहल होतं तुला? माणसाचा हात कसा पकडतो एवढंच बघायचं होतं का? तुझ्यासारख्याचं काय सांगावं? कोळणी मासे कापतात ते हात तू तासन्‌तास बघत बसायचास, आणि त्यांतलं काहीही कधी केलं नाहीस.

काल ग्रामसभा झाली. विषय तोच. नितीन बोलला, तुझा एक विद्यार्थी मुद्दाम आला होता तो बोलला. आवाज चढले. कुणी म्हणालं, मत घ्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, ही हाताच्याच बाजूची, हिने तेव्हाच सांगितलं होतं, आता भाऊही नाही अडवायला.

मी उभी राहिले. म्हटलं, "अजूनही माझं मत तेच आहे. हात हवा होता. पण तो त्याने करायला हवा होता. मी पेणहून माणूस आणून त्याच्याशी भांडण जिंकणार नाही. आणि समुद्र काढून ते हरणारही नाही. खालची भिंत तशीच राहील."

"अशी अर्धवट?" मागून आवाज आला.

"हो. अर्धवट."

नितीन उठून गेला. रात्रभर मला त्याचीच काळजी होती. चुन्याच्या बालद्या डोळ्यांसमोर येत होत्या.

आज सकाळी मी मुद्दाम चौकीकडून गेले. नितीन भिंतीखाली उभा होता, हातात खडू. कोऱ्या गिलाव्यावर, बरोब्बर त्या मुलाच्या डोक्याखाली, त्याने हातभर अक्षरांत लिहिलं होतं: आज ओहोटी दुपारी. खाडीकडे जाऊ नका. अक्षर नेहमीप्रमाणे वाकडं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "चौकीच्या फळ्यावर लिहितो तर कुणी वाचत नाय. इथे सगळे वरून बघत बघत खाली येतात. मग नजर इथंच थांबते. वाचतात मग." बोटांवरची धूळ झटकली. "खडूच हाय. पुसता येतो. दादाच्या कामाला हात लावला नाय मी."

मी म्हटलं, "रोज लिही."

तो मान हलवून पुढे गेला. मी तिथेच उभी राहिले. शनिवार होता. मांडव्याकडून रिक्षा येत होत्या, मुलं उतरत होती. वर बघायची, मग खाली. एकाने मोठ्याने वाचलं, दुसऱ्याने विचारलं की ओहोटी म्हणजे भरतीच्या उलटं ना. काही जण हसत पुढे निघून गेले. मी तुला खोटं सांगणार नाही. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. दुपारी पाणी ओसरायला लागलं तेव्हा मी पुन्हा गेले आणि संध्याकाळपर्यंत सुरूखाली बसून राहिले. खाडीच्या तोंडाशी दोनदा शिट्टी वाजली. दोन्ही वेळा मी उठून उभी राहिले, आणि दोन्ही वेळा मुलं मागे फिरली.

आज कुणी गेलं नाही, दादा.